बैसाण्यांच्या घरचे दोन थोरले

तान्हं मूल बघायला आलेला माणूस दोन-तीन ठरलेल्या गोष्टी विचारतो. मुलगा की मुलगी, वजन किती, नाक कुणावर गेलंय. श्रावण बैसाणे यातलं काहीच विचारत नसत. दाराशी चपला काढायच्या, हात धुवायचे, बाळाकडे डोळे बारीक करून बघायचं आणि विचारायचं, "याच्यापुढे किती?"

नव्या माणसाला हा प्रश्न कळत नसे. याच्यापुढे म्हणजे गादीच्या हक्कात याच्या आधी किती जण. चाळीतली एक खोली, एक पत्र्याची पेटी आणि गावाकडच्या विहिरीतला अर्धा हिस्सा, याला गादी म्हणायचं तर म्हणा. पण बाळाच्या आजीनं "तीन भाऊ मोठे आहेत," म्हटलं की बैसाणे मनापासून हळहळत. "म्हणजे चौथा. अवघड आहे. तिघं गेल्याशिवाय याला काही नाही."

एका बाळंतिणीनं यावर हाताशी असलेला तेलाचा डबा त्यांच्या अंगावर फेकला होता. मी तिथंच होते. नेम चुकला.

मी नर्स. साठ सालच्या सुमाराला धुळ्याहून गुजराती मुलखात, उधन्याच्या एका प्रसूतिगृहात नोकरीला आले आणि इथलीच झाले. आसपासच्या मिलच्या चाळींतली बाळंतपणं आमच्याकडे असत. चाळीत बहुतेक सगळे खानदेशातले. नंदुरबार, अमळनेर, जळगाव इथून ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आलेले आणि उधन्याला उतरून मिलमध्ये शिरलेले. बैसाणेही तसेच. ते साच्यांच्या, म्हणजे मागांच्या खात्यात होते. साच्यांच्या खडखडाटात जन्म गेलेली माणसं घरीही ओरडूनच बोलतात, त्यामुळे युरोपातली भाऊबंदकी सगळ्या चाळीला ऐकू येई.

या माणसाला युरोपातले राजे कुठं भेटले, असा प्रश्न पडेल. मलाही पडला होता. त्यांचे वडील भुसावळला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाकडे बटलर होते. देश सोडून जाताना साहेबानं स्वयंपाक्याला घड्याळ दिलं, माळ्याला बूट दिले, आणि बटलरच्या वाट्याला युरोपातल्या राजघराण्यांचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक आलं. वडिलांनी ते ट्रंकेत ठेवलं, मुलानं बाहेर काढलं. इंग्रजी जेमतेम येत होतं, पण वंशवृक्ष वाचायला भाषा फारशी लागत नाही. रेघ कुठून निघते आणि कुठं थांबते एवढंच बघायचं असतं.

त्यांचं ज्ञान पक्कं होतं असं मी म्हणणार नाही. कुठल्या राजाची कुठली राणी, यात ते खुशाल गोंधळ घालत आणि चुकले तरी आवाज खाली येत नसे. पण हुद्द्यांची उतरंड त्यांनी मिलवर बसवून घेतली होती. राजा म्हणजे शेठ. ड्यूक म्हणजे मॅनेजर. मार्क्विस म्हणजे विव्हिंग मास्तर, अर्ल म्हणजे जॉबर, कामगारांवरचा मुकादम. "आणि बॅरन?" मी एकदा विचारलं. "बॅरन म्हणजे बदली कामगार, सिस्टरबाई. नावाला सरदार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि आत बोलावतात का ते बघायचं."

चाळीच्या मालकीणबाई शांताबेन. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, सून घरात आली होती, पण किल्ल्यांचा जुडगा शांताबेनच्याच कमरेला होता. त्यांना बैसाणे 'डोवेजर' म्हणत. शांताबेननी एक दिवस रक्तदाब मोजून घेता घेता मला विचारलं, "सिस्टर, आ बैसाणे मने डोवेजर कहे छे, ए गाळ तो नथी ने?" मी म्हटलं, "शिवी नाही. डोवेजर म्हणजे जुनी राणी. नवी आली तरी जिचा मान जात नाही ती." त्यानंतर भाड्याला उशीर झाला तरी बैसाण्यांना कधी बोलणी बसली नाहीत, आणि सुनेला मात्र रोज बसली.

त्यांचा आवडता शब्द 'क्रम'. "क्रम लागला पाहिजे," असं ते नळावरही म्हणत आणि मयताच्या घरीही म्हणत. राजांबद्दल बोलताना भाषा पुस्तकी होई, बायकोशी भांडताना अहिराणी. शेजारचे पगारे युनियनमध्ये होते. संस्थानिकांचे तनखे बंद झाले त्या दिवशी ते बैसाण्यांच्या दारात मुद्दाम येऊन उभे राहिले.

"काय बैसाणे, गेले तुमचे राजे. आता सुतक पाळणार का?"

"कशाला? बरं झालं गेले."

"मग हे रोजचं पुराण कशासाठी? आपण मत देणारी माणसं. धर्म बदलला, गाव सोडलं, आणि अजून तुम्ही कोण कुणाच्या पोटी आला ते मोजत बसता."

बैसाणे त्या दिवशी ओरडले नाहीत. म्हणाले, "पगारे, जन्मावरून माणूस खाली कसा जातो ते मी गावात पाहिलं. मला शिकवायला नको. जन्मावरून वर कसा जातो ते मी बघितलेलं नाही. तेवढं बघून घेतो."

पगारे चहा न घेता गेले. यापेक्षा जास्त बैसाणे त्या विषयावर कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. त्यांची बायको शेवंताबाई. उंच, काटक, कमी बोलणारी. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. मी उधन्याला आले त्या पहिल्याच वर्षी तिला दिवस गेले, आणि ऐन वेळी दवाखान्यात न्यायला उशीर झाला म्हणून मलाच खोलीवर बोलावलं. संध्याकाळची पाळी सुटायच्या वेळेला पहिला मुलगा झाला. मी त्याला पुसत होते तोच ध्यानात आलं की आणखी एक आहे. अर्ध्या तासानं दुसरा आला. दोघं चांगले, रडके, एका साच्यातून काढल्यासारखे.

दाराबाहेरून बैसाण्यांचा आवाज आला, "सिस्टरबाई, क्रम! क्रम चुकवू नका!"

मी पहिल्याच्या पायाला काळा दोरा बांधला आणि दोघांना बाहेर दाखवलं. बैसाण्यांनी हात जोडले. "राणीच्या बाळंतपणाला मंत्री हजर असतो, साक्षीला. उद्या वाद नको म्हणून. आमच्याकडे तुम्ही मंत्री. वेळ येईल तेव्हा साक्ष द्यायची."

मी म्हटलं, "देईन. आधी गरम पाणी आणा."

दोरा बांधलेल्याचं नाव आनंद ठेवलं, दुसऱ्याचं राहुल. वाद मिटला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी टाके बघायला गेले तर शेवंताबाईनं राहुलला पुढे करून सांगितलं, "हाऊ मन्हा मोठा."

मी म्हटलं, "नाही बाई, मोठा तो. दोरा आहे बघ."

"दोरा तुम्हीच बांधेल शे," ती शांतपणे म्हणाली. "भुसावळ गाडीमा जो पहिले चढस, तो पार आत दाबाई जास. तो शेवटला उतरस. जो दारमा उभा व्हता, तो पहिला उतरना. मंग मोठा कोण?"

असं मानणाऱ्या बायका मी खानदेशात खूप पाहिल्या आहेत. जो पोटात आधी गेला तो बाहेर नंतर येतो, म्हणून नंतरचा मोठा. वैद्यकशास्त्राला हे मान्य नाही आणि मलाही नाही. मी तसं सांगितलं. तिनं मान हलवली आणि राहुलला पदराखाली घेतलं.

बैसाणे चवताळले. ज्या माणसानं जन्मभर ड्यूकांचे वारस लावले त्याच्या स्वतःच्या खोलीत वारस ठरेना. "अगं, सगळ्या युरोपात एकच कायदा आहे. आधी श्वास घेतला तो आधी. पाव मिनिटानं राज्यं गेली आहेत लोकांची!"

"जाऊ द्या. तेस्नी गाडी वेगळी."

अशा रीतीनं त्या घरात दोन थोरले वाढले. बैसाणे 'थोरल्या' म्हणून हाक मारत तेव्हा आनंद उठे. शेवंताबाई मारी तेव्हा राहुल. पौर्णिमेला बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती थोरल्यानं लावायची. बैसाणे आंघोळ करून आनंदच्या हातात काडेपेटी देत तोवर तिकडे राहुलनं आईच्या चुलीवर पेटवून आणून मेणबत्ती लावलेली असे. मग बैसाणे दुसरी आणत. त्यांच्याकडे कायम दोन मेणबत्त्या दिसायच्या.

शाळेत मास्तरांनी विचारलं, तुमच्यात मोठा कोण? राहुल म्हणाला, "सर, खाऊ असला तर आईला विचारा. मार असला तर बाबांना." पोरांनी त्याची गंमत करून टाकली होती. घरातल्या मोठ्यांना मात्र ती गंमत नव्हती. मी तपासणीला गेले की बैसाणे विचारत, "मंत्री, साक्ष आठवते ना?" आणि शेवंताबाई आतून म्हणे, "सिस्टरनी बाहेर येताना देखं. आत जाताना कोणी देखं?"

पोरं अठराच्या पुढे गेली तेव्हा गंमत संपली. बैसाण्यांना दम्यानं धरलं. सुताच्या धुळीनं त्या खात्यात पुष्कळांना धरतं. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं. मिलमध्ये तेव्हा एक रीत होती. कायमचा कामगार आजारानं किंवा वयानं निघाला की त्याच्या जागी त्याचा वारस लागे. एकच, आणि तो थोरला. भाऊ भाऊ ऑफिसात भांडायला येऊ नयेत म्हणून मिलवाल्यांनी तसं ठरवून टाकलं होतं. ज्याला जागा मिळेल त्याला कायमची नोकरी, चाळीतली खोली, पुढे लग्न. ज्याला मिळणार नाही त्यानं रोज सकाळी कुठल्या तरी गेटवर उभं राहायचं. बैसाण्यांच्या भाषेत, एकाला गादी आणि दुसरा बॅरन.

दोघं पोरं एकमेकांशी तुटक वागायला लागली. एकाच ताटात जेवणारी, आता एक आला की दुसरा बाहेर जाई. आनंद तब्येतीनं दांडगा, पडेल ते काम ओढणारा. राहुल हळवा, आईच्या पदराचा. दोघांनाही जागा हवी होती आणि दोघंही बोलत नव्हते.

त्यातच शेवंताबाई आजारी पडली. पोटाचं दुखणं तिनं बरेच महिने अंगावर काढलं होतं, मला दाखवलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी रोज सुई द्यायला जायची. बैसाणे उशाशी बसून तिला पेपर वाचून दाखवत. भांडण अजून चालूच होतं, फक्त दोघांचा आवाज खाली आला होता. एका सकाळी ती गेली.

महिनाभरानं मिलच्या ऑफिसातून बोलावणं आलं. बैसाणे माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, सदरा मात्र धुतलेला. "मंत्री, चला. वेळ आली."

मला त्यांचा जरा रागच आला. बाई जाऊन जेमतेम महिना झाला आणि यांचा कायदा पुढे. पण शब्द दिला होता. शिवाय खरं तेच सांगायचं होतं. मी छत्री घेतली आणि निघाले.

मिलची हजेरी ठेवणारा टाइमकीपर भला माणूस होता. समोर बैसाणे, मागे भिंतीला टेकून दोन्ही पोरं. आनंदनं केस पाणी लावून विंचरले होते. राहुल जमिनीकडे बघत होता. त्याला निकाल ठाऊक होता. आईची बाजू मांडायला आता आई नव्हती.

"बोलो बेन," टाइमकीपरनं दोघांतला मोठा कोण ते मला विचारलं. "बेमांथी मोटो कोण? कागळ पर तो बेउनी तारीख एकज छे."

मी तोंड उघडलं. "पहिला जन्मला तो..."

"थांबा, सिस्टरबाई." बैसाणे खुर्चीवरून उठले. छातीत शिट्टी वाजत होती. "साहेब, थोरला राहुल. नाव राहुलचं लावा."

टाइमकीपरनं माझ्याकडे बघितलं. मी बैसाण्यांकडे. आनंद भिंतीपासून सुटून पुढे आला.

"बाबा, जन्मभर थोरला मला म्हणालात."

"म्हणालो."

"मग खोटं होतं?"

"नाही. तू थोरलाच आहेस."

"मग?"

"जागा तिच्या थोरल्याला."

आनंद मागे वळला. मग दार उघडून निघून गेला. राहुल त्याच्यामागे गेला, "आनंद, अरे थांब ना," म्हणत, पण तो थांबला नाही. टाइमकीपरनं विचारलं, "लखी नाखुं?" बैसाणे म्हणाले, "लिहा." मला साक्ष द्यावीच लागली नाही.

परतताना दम्यामुळे ते सारखे थांबत होते. मला चीड आली होती आणि ती लपवायची मला सवय नाही. मी म्हटलं, "बैसाणे, आनंद दणकट आहे, कुठंही उभा राहील. राहुल पहिल्याच दिवशी गेटवरून रडत घरी आला असता. असा विचार करून केलंत का? तसं असेल तर त्या पोराला तोंडानं सांगा. कळेल त्याला."

"तसं नाही," ते म्हणाले. "तो हिशेब तुमचा. चांगला आहे, पण मी केला नव्हता."

रेल्वे फाटकाशी मालगाडी जात होती म्हणून आम्ही उभे राहिलो. बैसाणे फाटकाच्या आडव्या खांबाला धरून श्वास घेत होते. गाडी लांबलचक होती. तिच्या आवाजात ते नेहमीसारखे ओरडून बोलायला लागले. इतक्या खाजगी गोष्टी असं ओरडून सांगताना मी दुसऱ्या कुणाला ऐकलेलं नाही.

"ती पडली होती तेव्हा पेपरात फोटो आला होता. इंग्लंडच्या राणीची मिरवणूक. मी दाखवला. म्हटलं, बघ, काय थाट आहे. तिनं विचारलं, यामा राणी कोणती शे? मी बोट ठेवलं. मागे, बग्गीत. म्हणाली, मंग तिन्हा पुढे ह्या चाली राहिनात, त्या कोण? म्हटलं, ते घोडेस्वार. शिपाई. भालदार." ते थांबले, खोकले. "तर म्हणते, म्हणजे पुढे येस तो शिपाई. मांगून येस तो राजा. मंग इतला वरीस माल्हे काय सांगी राहिन्थात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मला सुचलंच नाही. आख्ख्या युरोपातलं एक उत्तर सुचलं नाही. म्हटलं, बरी हो, मग सांगतो. ती हसली. इतकी वर्षं भांडलो, पण मी गप्प बसलो आणि ती हसली, असं तेव्हाच झालं."

मालगाडी संपली. फाटक वर गेलं. सायकली, हातगाड्या, सगळे एकदम निघाले. आम्ही दोघं कडेला तसेच उभे.

"उत्तर होतं, सिस्टरबाई," बैसाणे म्हणाले. आता ओरडायचं कारण नव्हतं, तरी आवाज मोठाच होता. "ती गेल्यावर सापडलं. भाकरी करायला बसलो होतो. तव्यावर भाकरी टाकली आणि लख्ख सुचलं. असं बिनतोड की तिला तोंड उघडता आलं नसतं. तशीच तव्यावर टाकून उठलो आणि आत सांगायला गेलो."

आत म्हणजे कुठं ते मला माहीत होतं. त्यांच्या खोलीत आतल्या बाजूला साडीचा पडदा लावून तिची खाट ठेवलेली होती, आता रिकामी.

आनंद चार दिवस घरी आला नाही. मग चलथाणच्या साखर कारखान्यात हंगामाला लागला असं कळलं. बैसाणे दर रविवारी डबा घेऊन तिकडे जात. पहिले काही रविवार तो बाहेर आलाच नाही, डबा पहारेकऱ्याकडे ठेवून बैसाणे परत येत. पुढे तो गेटपर्यंत यायला लागला, हे मला राहुलनं सांगितलं. दोघं काय बोलत ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी फाटकाशी मी त्यांना एवढंच विचारलं, "काय उत्तर होतं ते? मला तरी सांगा."

बैसाण्यांनी मान हलवली. "तुम्हाला सांगून काय उपयोग? तुम्ही लगेच पटवून घ्याल. तिनं ऐकलं नाही, तोवर शेवटचा शब्द तिचाच."

आणि ते रूळ ओलांडायला लागले. दम लागला होता म्हणून मी त्यांच्या पावलांनी चालले.